घरमालकीण होताना

(बचत गट आणि महिला मंडळांतल्या कार्यकर्त्यांसाठी भोसरी येथे घेतलेल्या एकदिवसीय शिबिरातील भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)



आजच्या बोलण्याचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागे बसलेल्या दोघीतिघी हसल्या. त्यांचं बरोबर आहे. आपल्या चळवळीत 'घरमालक' हा शब्द आजवर समोरच्या बाजूचा होता. आपण भाडेकरूंच्या बाजूने बोललो, झोपडपट्टीतून उठवलेल्या बायांच्या बाजूने मोर्चे काढले. मग आज घरमालकिणींचं शिबिर कशासाठी?

तर ते असं झालं. आमच्या सल्ला केंद्राची नोंदवही चाळताना लक्षात आलं की नवऱ्याची मारहाण, पोटगी, दारू या तक्रारींच्या पोटात आणखी एक तक्रार असते. ती बाई वेगळी म्हणून सांगत नाही. बोलता बोलता निघते. "दोन खोल्या आहेत भाड्याने दिलेल्या, पण त्याचे पैसे मला दिसत नाहीत." भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यात कारखाने आले, कामगार आले, आणि गावातल्या लोकांनी उरल्यासुरल्या जागेवर रांगेने खोल्या बांधल्या. अशा कितीतरी घरांत आज चूल त्या भाड्यावर चालते. खोल्या झाडणारी, मोटर चालू-बंद करणारी, भाडेकरूंच्या पोरांची भांडणं सोडवणारी बाईच असते. फक्त भाडं हातात घ्यायच्या वेळी ती आत चहा टाकायला जाते.

मागच्या वर्षी एक मावशी केंद्रात आल्या. नवरा वारलेला, दोन मुली, दोघी सासरी. नवऱ्याने स्वतःच्या पगारातून घेतलेल्या जागेवर चार खोल्या. नवरा गेला त्या महिन्यापासून दीर भाडं गोळा करायला लागले. "वहिनी, तुम्ही कुठं परक्या पुरुषांच्या दारात पैसे मागायला जाणार?" असं म्हणाले, आणि मावशींनाही ते त्या वेळी आधाराचं वाटलं. चार वर्षं गेली. मावशी माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "ताई, खोल्या माझ्या नवऱ्याच्या, भाडं दिराकडं, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचे पैसे मागायला मी त्यांच्या उंबऱ्यात."

आज मी जे सांगणार आहे ते या मावशींना समोर ठेवून. एकच गोष्ट सांगायची आहे, बाकी सगळा तिचा तपशील आहे. बाईची खोली तिच्या उपयोगी तेव्हाच पडते, जेव्हा जागेवर तिचं नाव असतं, करारावर तिची सही असते आणि भाडं तिच्या खात्यात येतं. आणि जो कागद घरमालकिणीला सांभाळतो, तोच कागद तिच्या खोलीत राहणाऱ्या बाईलाही सांभाळतो. दोघींचं वैर कागदामुळे होत नाही, कागद नसल्यामुळे होतं.

पहिली गोष्ट : नाव

मावशींचा प्रश्न कायद्याने अगदी साधा होता. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई असेल तर आई, हे सारखे वाटेकरी असतात. त्यांच्यातलं कुणीही हयात असताना भावाचा त्यात हक्क नसतो. म्हणजे दिरांनी चार वर्षं जे गोळा केलं, ते दुसऱ्याचं होतं. पण मावशींकडे दाखवायला काय होतं? घरपट्टी नवऱ्याच्या नावाने, लाइटबिल नवऱ्याच्या नावाने, भाडेकरूंशी बोलणी दिरांची. त्या कुठेच नव्हत्या.

तेव्हा पहिलं काम म्हणजे घरातला माणूस गेल्यावर वारस नोंद करून घेणं. जमीन असेल तर तलाठ्याकडे सातबाऱ्यावर, शहरातली मिळकत असेल तर प्रॉपर्टी कार्डावर आणि महापालिकेच्या घरपट्टीवर, सोसायटीतला फ्लॅट असेल तर सोसायटीच्या दाखल्यावर. अशी नोंद म्हणजेच मालकी असं नाही, मालकी वारसाहक्काने येतेच. पण नोंद नसली की प्रत्येक दारात जाऊन आपण कोण ते सांगत बसावं लागतं.

दुसरं, हक्कसोडपत्र. आपल्याकडे भावाने बहिणीला राखीपौर्णिमेला साडी द्यायची आणि त्याच आठवड्यात तहसील कचेरीत नेऊन तिची सही घ्यायची, हे चालत आलंय. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने मिळाला, देशभर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. २००५ साली वडील हयात नव्हते म्हणून मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. हक्क सोडायचाच असेल तर सोडा, तो तुमचा निर्णय. पण काय सोडतोय ते वाचून, समजून, एक रात्र मध्ये जाऊ देऊन. गाडीत बसवून नेलेल्या बाईने कुठल्याही कागदावर सही करू नये.

नवीन घर घेत असाल तर नाव आधीच घालून घ्या. १ एप्रिल २०२१ पासून राहत्या घराची खरेदी फक्त बाईच्या नावाने झाली, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. २० लाखांच्या घरात ते २० हजार रुपये झाले. आधी अट होती की असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती अट २०२३ मध्ये काढली. नवऱ्याचं नाव जोडीला घातलं की ही सवलत मिळत नाही. मग काय करायचं ते घराघराने ठरवावं, पण घरात हा विषय काढण्याचं निमित्त तरी सरकारने दिलंय. निदान जोडनाव तरी आग्रहाने मागा.

दुसरी गोष्ट : हिशेब

आता ज्या मैत्रिणी साठवलेल्या पैशातून एखादी खोली किंवा छोटा फ्लॅट घेऊन भाड्याने द्यायचं म्हणतायत त्यांच्यासाठी. सोनं मोडून, नोकरी संपल्यावरचा फंड घालून बाया घर घेतात. 'म्हातारपणाची सोय' म्हणतात. सोय होते की नाही ते आधी कागदावर मांडा. एक उदाहरण घेऊ.

समजा घर २० लाखांचं, भाडं महिना ६ हजार. वर्षाचे ७२ हजार. ऐकायला छान वाटतं. आता वजा करत चला. भाडेकरू बदलताना वर्षातून एक महिना खोली रिकामी राहते : ६ हजार. सोसायटीचा देखभाल खर्च महिना ८०० प्रमाणे ९,६०० रुपये. घरपट्टी, धरा ३,४००. रंग, नळ, गळती : ५ हजार. हातात उरले ४८ हजार. म्हणजे २० लाखांवर २.४ टक्के. हेच पैसे मुदत ठेवीत काय देतात ते बँकेत विचारा आणि ताडून बघा. घराची किंमत वाढेल हे खरं, पण ती वाढ विकल्यावरच हातात येते. गोळ्यांचे पैसे दर महिन्याला लागतात.

आणि कर्ज काढून घेणार असाल तर आणखी जपून. १५ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत, तर हप्ता महिना साडेतेरा हजारांच्या घरात जातो. भाडं ६ हजार. 'भाड्यात हप्ता निघेल' असं सांगणारा दलाल वरचे साडेसात हजार कुठून यायचे ते सांगत नाही. ते कुठून येतात ते आपल्याला माहीत आहे. ते बाईच्या दुधा-भाजीतून येतात.

घर घेताना तीन गोष्टी तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. एक, बांधकाम चालू असलेल्या इमारतीचा महारेराचा नोंदणी क्रमांक. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठाहून जास्त घरांचा प्रकल्प असेल तर नोंदणी लागतेच. दोन, करारनामा नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागता येत नाही. मागितली तर तिथेच सावध व्हा. तीन, जुनं घर किंवा प्लॉट असेल तर वकिलाकडून शोध अहवाल काढून घ्या, इंडेक्स दोन बघा. एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट नोटरी करून किंवा कुलमुखत्यारपत्रावर विकले जातात. नोटरी म्हणजे खरेदीखत नव्हे. कुलमुखत्यारपत्राने मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सांगून झालंय. आपल्या गटातल्या बायांचे पैसे सर्वात जास्त याच ठिकाणी बुडालेत. स्वस्त मिळतंय म्हणून घेतलं आणि पुढे ते घेतलंच नव्हतं असं निघालं.

तिसरी गोष्ट : करार

आता खोली आहे, भाडेकरू दारात उभा आहे. आपण काय करतो? स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचा करार टाइप करून नोटरीकडून शिक्का मारून आणतो, किंवा तेही नाही. 'माणूस ओळखीचा आहे.'

घरमालक भाडेकरूला इतका का घाबरतो, ते आधी समजून घ्या. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली. तो कायदा त्या काळातल्या टंचाईत गरीब भाडेकरूसाठी गरजेचा होता. मग मालकांनी 'भाडेकरू' शब्द टाळून 'परवाना', म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, काढलं. १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवान्यावर राहत होते, त्यांनाही भाडेकरूचं संरक्षण मिळालं. तेव्हापासून 'खोली दिली की गेली' ही भीती घराघरात बसली. पण ती भीती आता जुनी झाली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे, आणि त्यात छोट्या घरमालकिणीसाठी दोन कलमं फार महत्त्वाची आहेत.

कलम ५५ म्हणतं, करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, अकरा महिन्यांचा असला तरीही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची, म्हणजे आपली. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाद झाला तर कराराच्या अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, आपण उलट सिद्ध करेपर्यंत. कलम २४ म्हणतं, राहण्यासाठी परवान्याने दिलेल्या घराची मुदत संपली आणि तो गेला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मागता येतो, आणि तेवढ्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते.

नोंदणी आता अवघड राहिलेली नाही. ऑनलाइन होते, एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येतो. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीच्या भाड्यावर पाव टक्का, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने काढलेलं व्याज धरतात. शहरात नोंदणी फी १ हजार. ६ हजार भाड्याच्या खोलीला मुद्रांक शुल्क काही शेकड्यांतच येतं. एजंटाची फी आधी ठरवून घ्या. हा खर्च निम्मा-निम्मा करायची पद्धत आहे.

करारात काय लिहायचं ते वहीत उतरवून घ्या :

१. भाडं किती, कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यात. खातं तुमचं स्वतःचं, एकटीचं.

२. डिपॉझिट किती, आणि खोली सोडल्यावर किती दिवसांत परत.

३. लाइटचा वेगळा मीटर किंवा सबमीटर, पहिल्या दिवसाचं रीडिंग. पाणी कुठल्या वेळेला.

४. राहणार किती जण, त्यांची नावं. घरातल्या बाईचंही नाव लिहा, फक्त पुरुषाचं नको.

५. दुरुस्ती कुणाची. छप्पर, भिंत, नळाची मुख्य लाइन मालकिणीची. बल्ब, तोटी वापरणाऱ्याची.

६. पंखा, नळ, ओटा यांची यादी आणि फोटो. दोघांच्या सह्या.

७. सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं, दोन्ही बाजूंनी.

भाडं रोख घेतलं तर पावती द्या. कायद्यानेच द्यावी लागते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात कळवा, तेही ऑनलाइन होतं. आणि मुदत संपायच्या महिनाभर आधी नवा करार करा. बहुतेकींचा पहिला करार असतो, पुढचे नसतात.

चौथी गोष्ट : डिपॉझिट आपलं नसतं

हे वाक्य सगळ्यांनी मोठ्याने म्हणावं असं मला वाटतं. एका ताईंनी हेवी डिपॉझिटवर खोली दिली. तीन लाख एकरकमी, भाडं नाही. ते तीन लाख मुलाच्या लग्नात गेले. दोन वर्षांनी भाडेकरू म्हणाला, पैसे द्या, जातो. पैसे नव्हते. तो गेला नाही, आणि त्याची चूक काय होती? त्याला पुढच्या घरासाठी तेच पैसे हवे होते. शेवटी ताईंनी सावकाराकडून काढून दिले, आणि आज खोलीचं भाडं सावकाराच्या व्याजात जातं.

म्हणून छोट्या मालकिणीने हेवी डिपॉझिटच्या वाटेला जाऊ नये. दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढं डिपॉझिट घ्या, ते वेगळ्या मुदत ठेवीत टाका आणि घरात कुणाला सांगू नका. हसताय, पण हाच सर्वात उपयोगी सल्ला आहे.

पाचवी गोष्ट : दारात कोण उभं आहे

आता जरा कडू बोलते. रागावू नका.

आमच्या केंद्रातून मारहाण सोडून निघालेल्या बाईसाठी आम्ही खोली शोधतो तेव्हा 'नाही' म्हणणाऱ्यांत आपल्या गटातल्या मैत्रिणी असतात. "एकटी आहे का? मग नको." "नवरा नाही तर कोण कोण येत असेल." "आडनाव काय म्हणालात?" आठ मार्चच्या कार्यक्रमात आपल्या शेजारी बसून गाणी म्हटलेल्या तोंडून हे ऐकलंय मी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीला गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. जात कळली म्हणून धर्मशाळेतून बाहेर काढलं. विलायतेच्या शिक्षणाने जे दार उघडलं नाही, ते दार आज आपल्यापैकी कितीजणींच्या हातात आहे. आणि जोतिराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली फसवल्या गेलेल्या विधवांसाठी प्रसूतिगृह उघडलं ते स्वतःच्या राहत्या घरात. जयंतीला फोटोला हार घालायचा आणि एकट्या बाईला खोली नाकारायची, या दोन्ही गोष्टी एका हाताने होऊ नयेत.

मालकिणीने काय विचारावं? ओळखपत्र, कामाचं ठिकाण, पगार किती आणि कुठल्या तारखेला होतो, आधीच्या घरमालकाचा फोन नंबर, किती जण राहणार. भाडं वेळेवर येईल की नाही हे एवढ्यावरून कळतं. जात, धर्म, घटस्फोट, मूल का नाही, यावरून कळत नाही. आपल्या अनुभवात भाडं थकवणारे बरेचसे 'चांगल्या घरातले, ओळखीचे' असतात, कारण ओळखीच्या माणसाकडे आपण मागत नाही.

एकटीने राहणाऱ्या मालकिणीची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पुरुष भाडेकरू दारू पिऊन आला, आवाज चढवला, की भीती वाटते. त्यासाठी भाडं खात्यावर घ्या म्हणजे दारात जावं लागत नाही. खोली बघायला जाताना आधी कळवून जा, कायदाही तेच सांगतो, आणि गटातली एक मैत्रीण सोबत न्या. चार घरमालकिणी एकमेकींच्या सोबतीला असल्या तर दिरांची गरज पडत नाही.

सहावी गोष्ट : भाडं थकलं तर

दोन वर्षांपूर्वी एक तरुण बाई कडेवर पाच महिन्यांचं मूल घेऊन केंद्रात आली. नवऱ्याची कंपनी बंद पडली, दोन महिन्यांचं भाडं थकलं, घरमालकिणीने पाणी तोडलं. मी घरमालकिणीला भेटायला गेले, तर दार उघडलं ते आमच्याच गटाच्या जुन्या सभासद बाईंनी. त्या मला बघून रडायलाच लागल्या. "ताई, मी तरी काय करू? भाडं आलं नाही तर मुलीची फी थांबते."

दोघी खऱ्या होत्या. पण पाणी तोडणं चूक होतं, आणि गुन्हाही. १९९९ च्या कायद्याचं कलम २९ सांगतं की पाणी, वीज अशा आवश्यक सेवा मालकाला तोडता येत नाहीत. कुलूप घालणं, सामान बाहेर टाकणं, चार पोरं पाठवणं, यातलं काहीही केलं की बरोबर असलेली मालकीण चुकीच्या बाजूला जाते.

मग काय करायचं? पहिला महिना चुकला की लगेच बोला, तीन महिने थांबू नका. बोलून ठरलं ते लिहा : थकलेलं भाडं किती हप्त्यांत, कुठल्या तारखांना. त्या दोघींचं आम्ही असंच केलं. थकबाकीचे चार हप्ते, त्यातला एक डिपॉझिटमधून. त्याच संध्याकाळी पाणी चालू झालं. कुटुंब पुढे वर्षभर तिथेच राहिलं. बोलून भागलं नाही तर लेखी नोटीस, आणि मुदत संपल्यावर कलम २४ खाली अर्ज. वकिलाच्या फीला घाबरू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. मालकीण असाल तरी तुम्ही बाई आहातच, आणि भाडेकरू बाईलाही तोच हक्क आहे.

शेवटची गोष्ट : आपल्या मागे

सोसायटीत फ्लॅट असेल तर भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी जो वेगळा आकार घेते तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त नसावा, असा शासनाचा आदेश २००१ पासून आहे. जास्त घेत असतील तर लेखी विचारा. भाड्याचं उत्पन्न करपात्र आहे. पण भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, त्यामुळे बहुतेक छोट्या मालकिणींना कर बसतच नाही. नवऱ्याने बायकोच्या नावावर फुकट केलेल्या घराचं भाडं कर मोजताना नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात. तेवढ्यावरून घर त्याचं होत नाही. कुणी तसं सांगितलं तर ऐकू नका.

आणि मृत्युपत्र करा. बायांना हे अशुभ वाटतं. पण कायदा ऐका. हिंदू बाई मृत्युपत्र न करता वारली, आणि तिला नवरा, मूल कुणी नसलं, तर तिने स्वतः कमावलेली मिळकतसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांकडे नाही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयात असाच एक खटला गाजला. लग्नानंतर लवकरच विधवा झालेली, सासरहून हाकललेली, माहेरच्यांनी शिकवलेली बाई. तिच्या मागे तिचे पैसे सासरच्यांना मिळाले. एका कागदाने हे टळलं असतं. मृत्युपत्र साध्या कागदावर होतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवलेली बरी. मुस्लिम आणि ख्रिश्चन मैत्रिणींसाठी वारशाचे नियम वेगळे आहेत. त्यांनी जेवणानंतर वकील ताईंशी बोलावं.

मावशींचं काय झालं ते सांगून थांबते. वारस नोंद झाली, त्याला सात महिने लागले. दोन्ही मुलींची नावंही लागली. त्यांनी हक्कसोड केलं नाही, आईनेच नको म्हणून सांगितलं. चारही खोल्यांचे करार मावशींच्या सहीने झाले. दीर बोलायचे बंद झाले, घरातल्या लग्नाला आमंत्रण आलं नाही, आणि मावशींना त्याचं वाईट वाटतं. ते खोटं सांगणार नाही. हक्क मागितल्यावर नाती तशीच राहतात असं आपण बायांना सांगू नये. पण परवा त्या केंद्रात आल्या त्या एका मुलीला घेऊन. नवऱ्याला सोडून आलेली, कंपनीत कामाला लागलेली. मावशी म्हणाल्या, "ताई, एक खोली रिकामी होतेय माझी. हिचा करार कसा करायचा तेवढं सांगा."

आज घरी गेल्यावर एक काम करा. कपाटातली घरपट्टीची पावती काढा आणि तिच्यावर कुणाचं नाव आहे ते वाचा. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने ते सांगायचं आहे.